कळ कशी सुटते?

नऊ महिने नऊ दिवस हा हिशेब आपल्या घराघरांत पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. डॉक्टर तोच हिशेब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस असा मांडतात आणि फाइलवर तारीख लिहून देतात. पण त्या नेमक्या तारखेला बाळंत होणाऱ्या बायका शंभरात जेमतेम चार-पाच. कुणाला आठवडाभर आधीच कळा येतात, कुणाची तारीख उलटून जाते आणि घरातले सगळे काळजीत पडतात. मग कळ कधी सुटायची, हे ठरतं कुठे आणि ठरवतं कोण?

गर्भाशय हा जवळजवळ सगळा स्नायूच आहे. एरवी त्याचं वजन साठ-सत्तर ग्रॅम आणि आत जागा जेमतेम दहा मिलिलिटरची. दिवस भरेपर्यंत तेच गर्भाशय किलोभर वजनाचं होतं आणि बाळ, वार, पाणी असा पाच लिटरचा ऐवज पोटात धरून राहतं. असा स्नायू ताणला गेला की उलट आकसू पाहतो. गर्भाशय मात्र इतका ताण सोसून महिनोन्‌महिने शांत असतं. मधूनच पोट कडक होतं, पुन्हा सैल पडतं, एवढंच. आणि मग एका दिवशी तोच शांत स्नायू दर दोन-तीन मिनिटांनी आवळू लागतो, प्रत्येक वेळी मिनिटभर, तासन्‌तास, तीन किलोचं मूल बाहेर येईपर्यंत.

या दोन अवस्थांच्या मध्ये काय घडतं, याचा शोध गेली सव्वाशे वर्षं चालू आहे. कळा आणणारे रासायनिक निरोप्ये त्यातून सापडले, प्रयोगशाळेत तयार झाले, बाटलीत आणि गोळीत बसले. आज तालुक्याच्या दवाखान्यातही ते हाताशी असतात. या शोधाची गोष्ट सांगताना एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे. निरोप जितका महत्त्वाचा, तितकीच तो ऐकण्याची तयारी महत्त्वाची. शरीर या तयारीत कित्येक आठवडे घालवतं. या तयारीचा मान राखून वापरलेल्या औषधांनी असंख्य बायकांचे जीव वाचवले आहेत. घाईनं वापरलेली तीच औषधं जिवावर उठली आहेत.

दोन निरोप्ये, दोन शोध

पहिला निरोप्या सापडला लंडनमध्ये. युरोपातल्या सुइणी राय या धान्याच्या कणसावर वाढणारी अरगट नावाची काळी बुरशी कळा वाढवण्यासाठी वापरत. त्या बुरशीत नेमकं काय आहे, याचा अभ्यास हेन्री डेल हा तरुण संशोधक करत होता. १९०६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधात जाता जाता आणखी एक निरीक्षण नोंदलेलं आहे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या मागच्या भागाचा अर्क दिला की मांजरीचं गर्भाशय जोरानं आवळतं. तीन वर्षांत लिव्हरपूलच्या विल्यम ब्लेअर बेल यांनी हा अर्क बायकांवर वापरल्याचं जाहीर केलं आणि पुढे तो प्रसूतिगृहांत सर्रास दिसू लागला. अर्काची ताकद प्रत्येक बाटलीत वेगळी असे, मात्रा अंदाजानं दिली जाई. गर्भाशय फाटल्याच्या घटना त्या काळच्या वैद्यकीय नियतकालिकांत नोंदल्या गेल्या आहेत. निरोप हाती लागला होता, तो किती मोठ्यानं सांगायचा याचं ज्ञान अजून यायचं होतं.

त्या अर्कातलं नेमकं रसायन म्हणजे ऑक्सिटोसिन. न्यूयॉर्कमध्ये काम करणाऱ्या व्हिन्सेंट द्यू विन्यो यांनी १९५३ साली त्याची रचना उलगडली आणि ते प्रयोगशाळेत तयारही करून दाखवलं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांची ही साखळी. या जातीचं हार्मोन माणसानं बनवण्याची ती पहिली वेळ होती आणि १९५५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मोजून देता येईल असं शुद्ध औषध यानंतर प्रसूतिगृहात आलं.

दुसऱ्या निरोप्याची वाट अगदी वेगळी. १९३० साली न्यूयॉर्कमध्येच राफाएल कुर्झरोक आणि चार्ल्स लीब हे दोघं कृत्रिम गर्भधारणेवर काम करत होते. मानवी गर्भाशयाच्या स्नायूची पट्टी काचेच्या भांड्यात टांगून त्यांनी तिच्यावर वीर्याचे थेंब सोडले. काही पट्ट्या आवळल्या, काही उलट सैल पडल्या. एकाच द्रवाचे दोन उलटे परिणाम होते आणि हे कोडं सुटायला पुढची कित्येक दशकं जावी लागली. इंग्लंडमध्ये मॉरिस गोल्डब्लॅट आणि स्वीडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर यांनी १९३० च्या दशकात स्वतंत्रपणे असंच काम केलं. फॉन ऑयलर यांनी या द्रव्याला प्रोस्टाग्लँडिन हे नाव दिलं, कारण ते प्रोस्टेट ग्रंथीतून येतं असा त्यांचा समज होता. हे द्रव्य शुद्ध स्वरूपात मिळवणं फार कठीण होतं, कारण ऊतींमध्ये ते अगदी सूक्ष्म प्रमाणात असतं. सुने बर्गस्ट्रॉम यांनी मेंढ्यांच्या ग्रंथी ढिगांनी गोळा करून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते वेगळं काढलं आणि पुढे रचनाही उलगडली. हे एकच द्रव्य नसून एका कुळातली अनेक भावंडं आहेत, हे त्यातून स्पष्ट झालं.

बाळंतपणाशी या कुळाचा संबंध पक्का झाला तो आफ्रिकेतून. युगांडातल्या कंपाला शहरात मकेरेरे विद्यापीठात सुलतान करीम काम करत होते. बाळाभोवतीच्या पाण्यात आणि कळा देणाऱ्या बायकांच्या रक्तात त्यांना प्रोस्टाग्लँडिनं सापडली. कळांच्या वेळी जे शरीरात दिसतं, तेच बाहेरून दिलं तर कळा सुरू होतील का? १९६८ साली करीम आणि सहकाऱ्यांनी 'एफ-२-अल्फा' हे प्रोस्टाग्लँडिन शिरेतून देऊन कळा सुरू करून दाखवल्या. आज जगभर रोज जे केलं जातं, त्याची सुरुवात अशी कंपालात झाली.

दूरचा आणि जवळचा

या दोन निरोप्यांचा स्वभाव समजून घेतला तर पुढचं सगळं सोपं होतं. ऑक्सिटोसिन हे खरंखुरं हार्मोन. ते मेंदूत तयार होतं, पिट्यूटरीत साठतं आणि रक्तातून प्रवास करून गर्भाशयापर्यंत पोचतं. प्रोस्टाग्लँडिनला असा प्रवास करावा लागत नाही. ते जिथे हवं तिथेच, गरज पडेल तेव्हा तयार होतं. पेशीच्या वेष्टनातच ॲराकिडॉनिक आम्ल नावाचं मेदाम्ल असतं. निरोप द्यायची वेळ आली की ते सुटं होतं, कॉक्स नावाचं एन्झाइम त्याचं रूप बदलतं आणि तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन शेजारच्या पेशींना निरोप देऊन मोकळं होतं. त्यातूनही थोडं रक्तात गेलंच, तर फुप्फुसांतून एकदा फिरताना बहुतेक सगळं नष्ट होतं. म्हणून त्याला हार्मोन न म्हणता हार्मोनसारखं म्हणतात. गावभर दवंडी न पिटता शेजारच्या घरात सांगायची बात ते तिथेच सांगतं.

पण ऐकणारं कुणी हवं. पेशीवर त्या त्या निरोपासाठी रिसेप्टर असतो आणि कुर्झरोक-लीब यांच्या कोड्याचं उत्तर तिथेच आहे. 'ई-२' या प्रोस्टाग्लँडिनचे रिसेप्टर चार प्रकारचे. त्यांपैकी दोन स्नायूला आवळायला लावतात, दोन सैल सोडायला. निरोप एकच, पण कुठल्या कानानं ऐकला त्यावर कृती ठरते. बाळंतपणाला हेच तर हवं असतं. गर्भाशयाच्या वरच्या भागानं जोर लावायचा, खालच्या भागानं वाट द्यायची. दोन्हीकडे एकाच वेळी जोर लागला तर मूल जाणार कुठून? दिवस भरत येताना वेगवेगळ्या भागांत या रिसेप्टरांचं प्रमाण बदलत जातं, असं संशोधनातून दिसतं.

रिसेप्टरनं आवळण्याचा निरोप घेतला की पेशीच्या आत कॅल्शियम वाढतं. काही आतल्या साठ्यातून सुटतं, काही बाहेरून आत शिरतं. त्या कॅल्शियमनं एक साखळी जागी होते आणि शेवटी ॲक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं एकमेकांवर सरकून पेशी आखडते. कॅल्शियम पुन्हा बाहेर फेकलं गेलं की पेशी सैलावते. एक कळ म्हणजे कोट्यवधी पेशींमध्ये कॅल्शियमची एक भरती आणि एक ओहोटी.

एकेका पेशीनं आपापल्या वेळी आखडून मात्र काहीच साधत नाही. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिलेल्या कुणालाही हे कळेल. दोरावर पन्नास हात असले तरी प्रत्येकानं आपल्या सवडीनं ओढलं तर जाळं जागचं हलत नाही. सगळ्यांचा जोर एका क्षणी लागावा लागतो आणि ओढलेला दोर परत समुद्राला द्यायचा नसतो. गर्भाशयात हा एकोपा पेशी-पेशींमध्ये उघडणाऱ्या सूक्ष्म मार्गांमुळे येतो. गॅप जंक्शन नावाचे हे मार्ग गरोदरपणात फारसे नसतात. कळा सुरू व्हायच्या सुमारास कनेक्झिन-४३ हे प्रथिन भराभर तयार होतं, मार्ग उघडतात आणि एका पेशीतली विजेची लाट क्षणात शेजारणीत जाते. दोर परत न देण्याची सोयही या स्नायूत आहे. प्रत्येक कळेनंतर तो सैलावतो, पण पूर्वीच्या लांबीवर परत जात नाही, किंचित आखूडच राहतो. वरची भिंत जाड होत जाते, खालची पातळ होते आणि पिशवीचं तोंड वर ओढलं जाऊन उघडतं.

दोन कळांमधला विसावाही तितकाच मोलाचा. कळ ऐन भरात असताना वारेकडे जाणारा रक्तप्रवाह मंदावतो आणि विसाव्यात बाळाला पुन्हा प्राणवायू मिळतो. म्हणून प्रसूतिगृहात सिस्टर पोटावर हात ठेवून घड्याळाकडे बघत असते. दहा मिनिटांत किती कळा, प्रत्येक किती सेकंदांची? दहा मिनिटांत पाचापेक्षा जास्त कळा म्हणजे धोक्याची खूण. १९५० च्या दशकात उरुग्वेत रॉबेर्तो काल्देइरो-बार्सिया आणि एर्मोखेनेस आल्वारेस यांनी कळांचा जोर आतून मोजून त्याचं एकक ठरवलं. त्याला आजही त्यांच्या शहरावरून माँतेविदेओ एकक म्हणतात. पण यंत्र नसलेल्या ठिकाणी सिस्टरचा तळहात आणि घड्याळ एवढ्यावर भलं काम चालतं.

तयारी

नऊ महिने हे सगळं थोपवून धरलेलं असतं. प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन स्नायूला शांत ठेवतं, गॅप जंक्शन वाढू देत नाही. बाळाभोवतीच्या पडद्यांपैकी बाहेरच्या पडद्यात प्रोस्टाग्लँडिन मोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. आतल्या पडद्यात तयार झालेलं प्रोस्टाग्लँडिन स्नायूपर्यंत पोचण्याआधीच तिथे संपतं. दिवस भरत आले की ही तटबंदी ढिली पडते आणि आतल्या पडद्यात कॉक्स-२ या एन्झाइमचं काम वाढतं.

ऑक्सिटोसिनचं याहून नवल वाटतं. कळा सुरू होण्याआधी आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन फारसं वाढलेलं नसतं. वाढलेले असतात गर्भाशयावरचे त्याचे रिसेप्टर, एरवीपेक्षा शेकडो पटींनी. तेवढाच निरोप आता स्नायूला कितीतरी मोठ्यानं ऐकू येतो. शिवाय गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावरचे रिसेप्टर ऑक्सिटोसिनचा निरोप घेऊन तिथे प्रोस्टाग्लँडिन तयार करायला लावतात. दूरच्या निरोप्यानं जवळच्याला हाक मारावी तसं हे होतं. आणि बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर दाबलं गेलं की तो ताण मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जातो आणि आणखी ऑक्सिटोसिन सुटतं. कळेनं कळ वाढत जाते, ती मूल बाहेर येईपर्यंत.

पिशवीच्या तोंडाची तयारी वेगळीच. गर्भाशयाचं मुख स्नायूपेक्षा कोलॅजनच्या चिवट धाग्यांचं बनलेलं असतं. नऊ महिने ते नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट असतं. शेवटच्या आठवड्यांत 'ई-२' प्रोस्टाग्लँडिनच्या प्रभावाखाली हे धागे सुटे होतात, त्यांत पाणी भरतं आणि तोंड ओठांसारखं मऊ होतं. डॉक्टर तपासून 'अजून तोंड कच्चं आहे' म्हणतात तेव्हा त्यांना हेच सांगायचं असतं. कच्च्या तोंडावर नुसत्या कळा लादल्या तर बाई दिवसभर सोसते आणि पुढे काही सरकत नाही.

या सगळ्या तयारीला सुरुवात कोण करून देतं? न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या ग्रॅहॅम लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. पोटातल्या कोकराची पिट्यूटरी निकामी केली की मेंढीचे दिवस उलटून जात, कळाच येत नसत. उलट कोकराला कॉर्टिसॉल दिलं की दिवस भरण्याआधी कळा सुरू होत. मेंढीच्या बाबतीत तरी इशारा बाळाकडून येतो, आईकडून नाही. या प्रयोगांत फार लवकर जन्मलेलं एक कोकरू श्वास घेत असलेलं लिगिन्स यांना दिसलं. त्याच्या फुप्फुसांची वाढ पाहता ते जगायलाच नको होतं. कॉर्टिसॉलनं फुप्फुसंही तयार झाली होती. त्या एका निरीक्षणातून लिगिन्स आणि रॉस हाउई यांनी १९७२ साली अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणाआधी आईला स्टिरॉइड देण्याचा उपचार मांडला. आज आपल्याकडे अपुऱ्या दिवसांत कळा सुरू झालेल्या बाईला बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शन देतात, त्याचं मूळ ऑकलंडच्या त्या मेंढ्यांत आहे.

माणसात गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. मेंढीच्या रक्तातलं प्रोजेस्टेरॉन कळांआधी उतरतं. बाईच्या रक्तात ते शेवटपर्यंत भरपूर असतं. मग स्नायू त्याचं ऐकेनासा का होतो? संशोधकांचं आजचं उत्तर असं की प्रोजेस्टेरॉनचे रिसेप्टरच बदलतात. एका प्रकाराचा प्रभाव कमी होतो, दुसऱ्याचा वाढतो आणि शांत राहण्याचा निरोप रक्तात असूनही कानांवर पडत नाही. वारेतून सुटणारं सीआरएच हे हार्मोन, बाळाच्या अधिवृक्क ग्रंथी, ताणला गेलेला स्नायू, पडद्यांत वाढणारा दाह असे अनेक धागे यात आहेत. त्यांतला कुठलाही एक ओढून सगळं उलगडत नाही. बाळंतपण इतक्या बाजूंनी जुळून येतं म्हणूनच ते एवढं भरवशाचं आहे.

घरातल्या ओळखी

प्रोस्टाग्लँडिन हे नाव अनोळखी असलं तरी त्याच्याशी आपली ओळख जुनी आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी ओटीपोटात येणाऱ्या कळा याच कुळाच्या करामती. अस्तर सुटताना 'एफ-२-अल्फा' तयार होतं, गर्भाशय आवळतं, रक्तपुरवठा आखडतो आणि दुखतं. मुली त्या दिवशी मेफेनॅमिक आम्लाची गोळी घेतात, ती कॉक्स एन्झाइमला अडवून प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाही. ॲस्पिरिनचं कामही असंच चालतं, हे लंडनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. बर्गस्ट्रॉम, बेंग्ट सॅम्युएलसन आणि व्हेन या तिघांना १९८२ साली नोबेल मिळालं. 'पाळीत दुखतंच, सोसायचं' असं मुलीला सांगणाऱ्या प्रत्येक घरानं हे लक्षात घ्यावं. त्या दुखण्याला रेणू आहे, नाव आहे आणि उपायही आहे.

याच गोळ्या गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत मनानं घेऊ नयेत, असं डॉक्टर का बजावतात तेही यातून कळतं. पोटातल्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी जन्मापर्यंत उघडी राहावी लागते आणि ती उघडी ठेवण्याचं काम 'ई-२' करतं. प्रोस्टाग्लँडिन थांबलं तर ती वेळेआधी मिटू शकते.

आणि एरंडेल. तारीख उलटली की एरंडेल पाजण्याची चाल आपल्याकडे होती, युरोपात होती, इजिप्तमध्येही होती. २०१२ साली जर्मनीतल्या मॅक्स प्लांक संस्थेच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की एरंडेलातलं रिसिनोलेइक आम्ल प्रोस्टाग्लँडिनच्या एका रिसेप्टरला जाऊन बिलगतं. आतड्यात तोच रिसेप्टर जुलाब घडवतो आणि गर्भाशयात आकुंचन. आजीच्या अनुभवाला आधार होता. पण मात्रा हातात नसलेला निरोप घरी देऊ नये. जुलाबांनी बाई थकते, पाणी कमी होतं आणि कळा बेभान झाल्या तर बाळाचे ठोके ऐकायला घरात कुणी नसतं.

बाटलीतली कळ

दवाखान्यात आज हे निरोप्ये अनेक रूपांत येतात. तोंड कच्चं असेल तर 'ई-२'ची जेल आत ठेवतात किंवा मिसोप्रोस्टॉलची गोळी देतात. तोंड पिकलं आणि कळा कमी पडत असतील तर ऑक्सिटोसिन सलाइनमधून थेंब मोजून सोडतात. रक्तात ते काही मिनिटांत निम्म्यावर येतं, म्हणून कळा जास्त झाल्या तर सलाइन थांबवून सावरता येतं. स्नायूत टोचलेलं इंजेक्शन असं परत घेता येत नाही. बाळ बाहेर येण्याआधी, कळा वाढाव्यात म्हणून ऑक्सिटोसिन टोचून देणं म्हणूनच घातक आहे. गर्भाशय सोडता सोडत नाही, बाळ गुदमरतं, प्रसंगी गर्भाशय फाटतं. खेड्यांत 'लवकर मोकळी करायची' म्हणून सुई देण्याची ही सवय अनेक अभ्यासांनी नोंदली आहे. ती पूर्ण थांबली पाहिजे.

मिसोप्रोस्टॉलची कथा बोलकी आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या सर्ल कंपनीनं ते पोटातल्या अल्सरसाठी बनवलं. गर्भाशयावरचा त्याचा परिणाम हा अल्सरच्या औषधाचा दुष्परिणाम होता. स्वस्त, गोळीच्या रूपात, फ्रिजशिवाय टिकणारं असल्यामुळे गरीब देशांतल्या डॉक्टरांनी त्या दुष्परिणामाचंच औषध केलं. अल्सरची गोळी २०० मायक्रोग्रॅमची आणि कळांसाठी लागतात २५. गोळीचे आठ तुकडे करून देण्याची पद्धत बरीच वर्षं चालली आणि आठही तुकडे सारखे पडत नाहीत हे उघड आहे. आता २५ची गोळी मिळते. आधीचं सिझेरियन झालेल्या बाईला मात्र कळा आणण्यासाठी हे औषध देत नाहीत, जुना टाका उसवण्याची भीती असते.

तासन्‌तास ऑक्सिटोसिन चालू ठेवलं तर स्नायूवरचे रिसेप्टर थकतात, मिटतात. मग मूल जन्मल्यावर, ज्या घडीला गर्भाशयानं आवळायलाच हवं, त्या घडीला ते ऐकत नाही. औषध तेच असतं, ऐकणारा थकलेला असतो.

मूल झाल्यानंतरची कळ

बाळंतपणातली सर्वांत मोलाची कळ मूल जन्मल्यानंतरची असते. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त वाहत असतं. वार सुटली की त्या रक्तवाहिन्यांची तोंडं उघडी पडतात. त्यांच्याभोवती स्नायूचे धागे आडवेतिडवे विणलेले असतात. स्नायू आवळला की प्रत्येक वाहिनी जागच्या जागी चिमटली जाते. तो सैल राहिला तर निरोगी बाई दोन तासांत जाऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार दरवर्षी बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावानं सुमारे ७०,००० बायका मरतात.

हा प्रश्न सोडवण्यात बेळगावचा वाटा मोठा आहे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजचे बी. एस. कोडकणी, शिवप्रसाद गौडर आणि अमेरिकेतले रिचर्ड डर्मन यांनी २००२ ते २००५ या काळात जिल्ह्याच्या ग्रामीण भागात १,६२० बायकांवर चाचणी केली. बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, करणाऱ्या एएनएम सिस्टर. बाळ जन्मताच निम्म्या बायकांना मिसोप्रोस्टॉलच्या ६०० मायक्रोग्रॅम गोळ्या, निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या. २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये निकाल आला. रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं होतं, गंभीर रक्तस्रावाचं १.२ वरून ०.२ टक्क्यांवर. काही बायकांना थंडी वाजली, ताप चढला, कारण ताप चढवणं हेही याच कुळाचं काम. डॉक्टर नसलेल्या गावात, फ्रिजशिवाय, एका सिस्टरच्या हातून हे साधलं होतं. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेनं या उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलला आवश्यक औषधांच्या यादीत जागा दिली.

या कामातून आणखी एक साधी वस्तू पुढे आली. रक्त किती गेलं हे नजरेनं सांगताना फार चूक होते. म्हणून बाईखाली अंथरायचा, खाली खुणा असलेली पिशवी जोडलेला प्लॅस्टिकचा कागद तयार झाला. नजरेचा अंदाज या पिशवीतल्या मापापेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरतो, असं बेळगावच्या अभ्यासात आढळलं. २०२३ साली आफ्रिकेतल्या चार देशांत सुमारे ८० रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीत अशीच खुणांची पिशवी वापरली. रक्तस्राव वेळीच ओळखायचा, आणि ओळखताच पोट चोळणं, ऑक्सिटोसिन, ट्रॅनेक्झॅमिक आम्ल, सलाइन आणि तपासणी हे सगळं एकदम करायचं. गंभीर परिणामांचं प्रमाण ६० टक्क्यांनी घटलं. तिथे नवा रेणू कुठलाच नव्हता. होतं ते मोजमाप आणि शिस्त.

ऑक्सिटोसिन आजही पहिल्या पसंतीचं औषध आहे, पण ते दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. विदर्भाच्या मे महिन्यात, वीज गेलेल्या उपकेंद्रात त्याची ताकद उतरली तर सिस्टरला ते दिसत नाही. उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन हे त्याचं भावंड, दहा देशांतल्या सुमारे ३०,००० बायकांवरच्या चाचणीत रक्तस्राव रोखण्यात त्याच्या तोडीचं ठरलं. तो निकाल २०१८ सालचा. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑक्सिटोसिन बनवण्याची परवानगी फक्त एका सरकारी कंपनीपुरती ठेवण्याचा आदेश काढला, कारण गोठ्यांत जनावरांना पान्हा फुटावा म्हणून त्याचा गैरवापर होतो. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. जनावरांचे हाल थांबलेच पाहिजेत. पण त्यासाठी बाळंतिणीचं औषध एकाच कारखान्याच्या भरवशावर ठेवणं परवडणारं नाही. हा साठा एक दिवस संपला तरी त्याची किंमत जीवांत मोजावी लागते.

महाराष्ट्राचा मातामृत्यूचा आकडा २०१८-२० या काळात लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे यश दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचं, आशाताईंच्या पायपिटीचं आणि या औषधांचंही आहे. पुढचा टप्पा नव्या रेणूची वाट बघत बसण्याचा नाही. कळा आणण्याआधी तोंड तपासावं, सलाइन लावल्यावर कळा आणि बाळाचे ठोके मोजावेत, बाळ झाल्यावर रक्त पिशवीत मोजावं, औषधाचा फ्रिज रोज बघावा. आणि ज्या बाईच्या अंगात हा निरोप सोडायचा, तिला आधी सांगावं: काय देतोय, कशासाठी देतोय, काय वाटेल आणि काय वाटलं तर लगेच हाक मारायची. शरीर आठवडे खर्चून जी तयारी करतं, तिच्यासमोर दवाखान्यानं एवढी तयारी ठेवणं हे आपलं किमान कर्तव्य आहे.